शेवटच्या चौकातलं नाव

मनकर्णानं केवडाबाई राशीनकरणीला उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं, आणि तरी गोठ्याची मागची अख्खी भिंत तिनं केवडाबाईच्या चित्रांनी भरून टाकली होती. आता न बघितलेल्या माणसाचं चित्र काढायचं म्हणजे काय चेष्टा आहे का? पण पोरगी हट्टी. गेरू कालवायचा, चुना कालवायचा, चुलीतला कोळसा घ्यायचा, बाभळीच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि म्हशींच्या पाठीमागं जाऊन बसायचं. कधी केवडाबाई गोरी व्हायची, कधी सावळी. कधी तिचं नाक चाफेकळी, तर कधी नथीच्या ओझ्यानं वाकलेलं. डोळे मात्र दर खेपेला मोठेच, कारण एवढा आवाज असलेल्या बाईचे डोळे बारीक कसे असतील, असं मनकर्णाचं म्हणणं.

केवडाबाई म्हणजे तमाशाच्या फडातली मुख्य बाई. दर चैत्रात गावच्या यात्रेला तिचा फड यायचा. ओढ्याकाठच्या वावरात तंबू पडायचा, चिंचेच्या झाडाला कर्णा बांधायचे आणि गाव लोटायचं. गाव म्हणजे अर्थात बापे. घरंदाज बाईनं त्या बाजूला तोंड करूनही उभं राहायचं नाही, अशी रीत. पण कर्ण्याला कुठली आलीय रीत? त्यातून निघालेला आवाज ओढा ओलांडायचा, कॅनॉल ओलांडायचा, उसाच्या फडांवरून सरळ कोंडीरामाच्या वस्तीवर यायचा. तिथं मनकर्णा ओट्यावर गुडघ्याला मिठी मारून बसलेली असायची.

कोंडीराम तिचा बाप. देवळाली प्रवऱ्यापासून कोसभर आत त्याची वस्ती, बरा बागायतदार, पण तोंडातून दिवसाला दहा शब्द निघाले तर पुष्कळ. बायको गेल्यापासून तेवढेही निघेनात. मनकर्णाची सातवी झाली आणि भाकरी थापायला घरात कोणी नाही म्हणून तिची शाळा सुटली. बरोबरीच्या पोरी एकेक करून लग्न होऊन गेल्या, कुणी संगमनेरकडं, कुणी पार श्रीगोंद्याला. वस्तीच्या चारी बाजूंनी ऊस. ऊस वाढला की रस्ता दिसत नाही, माणूस दिसत नाही, दिसतं ते डोक्यावरचं आभाळ. बोलायचं तरी कुणाशी? म्हशीशी बोलायची, चुलीशी बोलायची. असं बोलत राहिलं की लोक वेड्यात काढतात हे तिलाही कळत होतं, म्हणून माणसांसमोर ती तोंड मिटून असायची.

घरात तिसरा माणूस बन्सी. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ, तालमीत जाणारा, दिलदार आणि अगदीच सरळ. त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. पण केवडाबाईचं वेड दोघांना सारखंच, त्यामुळं मनकर्णाला बोलायला निदान तो एक होता. तमाशा बघून तो पहाटे घरी आला की ती त्याला झोपू द्यायची नाही.

"दादा, कशी दिसती रे?"

"दिसती की. बाईसारखी."

"लुगडं कोन्या रंगाचं हुतं?"

"आता लुगडं कोन बघतंय! हुतं कसलं तरी. चकचकत हुतं."

"नाक कसं हाय? बस्कं का सरळ?"

"मने, ती नाचत असती का नाक दावायला उभी असती? झोपू दे मला!"

अशा साक्षीदाराच्या भरवशावर चित्रं काढायची म्हटल्यावर काय होणार? एकदा त्यानं गोठ्यात येऊन भिंत नीट न्याहाळली आणि म्हणाला, "ही तर आपली कपिला गाय दिसती गं. निस्ती शिंगं काढायची ऱ्हायली." मनकर्णानं शेणाचा पो त्याच्या अंगावर भिरकावला. दोघं पोट धरून हसली. वर्षातून असं हसणं फार वेळा होत नसे.

ही गोष्ट बांगलादेशाची लढाई संपली त्याच्या पुढच्या चैत्रातली. त्या हिवाळ्यात मनकर्णानं चित्रांवर न थांबता केवडाबाईवर एक गाणंच रचलं. कागदावर नाही हं, तोंडानंच. उसाला पाणी धरताना एक ओळ, भाकरी थापताना दुसरी. जमली नाही की पिठाच्या हातानं कपाळावर मारून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

वस्तीवर दिवा माझा, वाऱ्यावर तुझा सूर,
पाहिलं ना डोळां तुला, तरी न्हाई तू दूर.
घागरीत पाणी तसं गळ्यामंदी गोड गाणं,
ऐकताना इसरते मी माझं एकलं राहणं.

असे तीन चौक, म्हणजे तीन कडवी, झाले आणि शेवटच्या चौकाची अखेर तिनं अशी केली:

दारापुढं सांडावा जसा पारिजाताचा सडा,
गावोगावी सूर उधळी राशीनची केवडा.

इथंच घोळ झाला. लावणी असो की पोवाडा, शेवटच्या चौकात जे नाव येतं ते रचणाऱ्या शाहिराचं. ही शाहिरांची जुनी वहिवाट, तमाशाला जाणारं शेंबडं पोरही ती जाणतं. पण मनकर्णाला ते कोण सांगणार? तिची शाळा म्हणजे जात्यावरच्या ओव्या आणि हळदीकुंकवातले उखाणे. ओवीत शेवटी भावाचं नाव येतं, उखाण्यात नवऱ्याचं. जो जिवाचा, त्याचं नाव शेवटाला. कर्ण्यातल्या लावण्यांच्या शेवटी बाप्यांची नावं ऐकून तिला वाटायचं, ज्याच्यासाठी गाणं म्हटलं त्याचं हे नाव असणार. म्हणून तिनं आपल्या जिवाचं जे एकच नाव होतं ते तिथं ठेवलं आणि वर बन्सीला बजावलं, "शेवटचं नाव अजाबात बदलायचं न्हाई."

"म्हंजे हे मी तिला नेऊन म्हनून दावायचं?" बन्सीचे डोळे लकाकले.

"व्हय. पन माझं नाव सांगायचं न्हाई. आबांच्या कानावर गेलं तर मला उभी चिरतील."

"मग कुनी केलं म्हनून सांगू?"

"आपल्या गावातलं एक माणूस हाय म्हन. माणूस म्हनलं की झालं."

तिला काय हवं होतं? नाव नको होतं, फेटा-नारळ नको होता. या उसाच्या पलीकडं, उजेडात उभ्या असलेल्या त्या बाईला एवढंच कळायला हवं होतं की इकडं अंधारात एक जण बसलंय आणि तुझं गाणं ऐकतंय. जगात एका माणसाला आपण ठाऊक असावं, एवढीच तिची भूक होती.

यात्रेच्या पहिल्या दिवशी दुपारी बन्सी फडाच्या राहुटीवर गेला. तिकडून आला तो उड्या मारतच. केवडाबाई तुणतुणेवाल्याला घेऊन बसली होती, तिनं गाणं दोनदा म्हणायला लावलं, तिसऱ्यांदा स्वतः म्हटलं. मग म्हणाली, शेवटाला करणाराचं नाव असतंय पोरा, हितं माझं कसं? "मी म्हनलं, तसंच ऱ्हाऊ द्या, बदलायचं न्हाई म्हनून सांगितलंय. तर बाईनं शेवटची ओळ परत एकदा म्हनून बघितली. मग म्हनली, आजपतुर मी दुसऱ्यांचीच नावं गायली. हे उद्याच्या हजेरीला म्हनते."

करणाराचं नाव असतं, हे ऐकून मनकर्णा चपापली. पण बन्सीच्या आनंदापुढं तिची शंका विरून गेली. बाईनं मान्य केलंय म्हटल्यावर आपण कोण?

हजेरी म्हणजे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं होणारा तमाशा. उन्हाचा, उघड्यावरचा, देवासमोरचा. त्या दिवशी गावातल्या बाया धाब्यांवर चढून लांबून बघतात, कुणी काही बोलत नाही. मनकर्णा यंदा पहिल्यांदाच नैवेद्याच्या निमित्तानं गोजरआत्याच्या घरी आली होती. ही कोंडीरामाची बहीण, गावात राहणारी. तिच्या धाब्यावरून देऊळ दिसायचं, पण मध्ये एवढी घरं की माणसं बोटाएवढी. त्या बोटाएवढ्या गर्दीत एक हिरवं लुगडं उभं होतं. मनकर्णानं हाताची झापड डोळ्यांवर धरली. हीच! तोंड काही दिसेना. नाही दिसलं तर न दिसो.

ढोलकी वाजली आणि कर्ण्यातून आलं: वस्तीवर दिवा माझा, वाऱ्यावर तुझा सूर.

आई गं! आपण चुलीपुढं पुटपुटलेली ओळ साऱ्या गावावरून जातीय. मनकर्णानं धाब्याची कड घट्ट धरली. केवडाबाईनं ती ओळ अशी काही खेचली की ती आपलीच आहे हे तिला पटेना. एकलं राहणं, या शब्दाशी बाई थांबली, पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली. देवळापुढं चिटपाखरू हलत नव्हतं. गोजरआत्या पदरानं नाक पुसत म्हणाली, "काय गं बाई म्हनती ही रांड! काळीज कापतंय."

आणि मग शेवटचा चौक आला.

नाव कानावर पडताच पुढच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. आप्पासाहेब ते. यात्रेचे पुढारी, गर्दीसमोर बोलायची संधी कधी न सोडणारे. फर्माइशीसाठी पुढं ठेवलेल्या माइकवर त्यांचा आवाज गावभर आला. "का गं केवडे, शेवटी नाव तुझंच? म्हंजे गाणंबी तुझंच. आपलीच आरती आपनच ओवाळती व्हय?"

गाव फुटलं हसून. शिट्ट्या काय, टोप्या काय!

"न्हाई वो सरकार," केवडाबाई म्हणाली. "गाणं दुसऱ्याचं हाय. तुमच्याच गावातल्या मानसाचं."

"मग उभं कर की त्याला. आमी फेटा बांधतो. कोन हाय रं, ऱ्हा उभा!"

कोण उभं राहणार? बन्सी पिंपळाखाली होता, पण त्याच्या खांद्याला खांदा लावून कोंडीराम बसला होता. बन्सीनं मान खाली घातली. धाब्यावर मनकर्णा उभी राहिली. तोंडही उघडलं. मी केलंय, एवढे दोनच शब्द. ते बाहेर येईनात. आत्यानं लुगड्याला हिसका दिला, "बस की खाली, सारं गाव बघतंय." आणि ती मुकाट खाली बसली.

हिरवं लुगडं एकदा साऱ्या गर्दीकडं वळलं. मग कर्ण्यातून हळू आवाज आला. "मीच केलंय सरकार. चुकलं माझं."

यावर तर लोक गडाबडा लोळायचे राहिले. ढोलकीवाल्यानं हुशारीनं दुसरा ठेका धरला आणि हजेरी पुढं गेली. मनकर्णाला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही. जिच्या पायाची धूळ लावायची, तिचं आपण भर गावात हसं करून ठेवलं. तेही कौतुक करायला जाऊन. तिला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांतून पाणीसुद्धा येईना.

दुपारी बापे कुस्त्यांच्या आखाड्याकडं गेले, बाया जेवून आडव्या झाल्या. मनकर्णानं घागर उचलली. ओढ्याच्या विहिरीवर जाते, असं झोपलेल्या आत्याला सांगितलं आणि विहीर मागं टाकून सरळ राहुट्यांकडं चालू लागली. एखाद्यानं पाहिलं असतं तर? पाहिलं असतं तर संपलंच. पण बाईला एकदा सांगितल्याशिवाय आता घास उतरणार नव्हता.

राहुट्या उतरवायचं काम चाललं होतं. एका पेटीवर एक बाई बशीतून चहा पीत बसली होती. चाळिशीची, काळीसावळी, गालांवर देवीचे वण, डोळे बारीक. पायांत चाळांचे काळे वळ. मनकर्णानं तिला ओलांडून पुढं बघितलं.

"कोन पायजे पोरी?"

मनकर्णा गर्रकन वळली. हा आवाज अंधारात हजार माणसांतूनही तिनं ओळखला असता. ती त्या तोंडाकडं बघतच राहिली. एकही चित्र जुळत नव्हतं, आणि तिला वाईट वाटलं ते चित्रांचं नाही. आपण हिला उगाच गोरी केली, मोठे डोळे दिले, जशी आहे तशी आपल्याला सुचली कशी नाही, याचं वाटलं.

"बाई, ते गाणं..." ती खाली बसली, घागर बाजूला. "ते गाणं मी केलंय. मला म्हाईत नव्हतं शेवटाला कुनाचं नाव असतंय. मला वाटलं, जे माणूस आपल्याला लई आवडतं त्याचं असतंय. माझ्यापायी तुमचं हसं झालं."

केवडाबाईनं बशी खाली ठेवली. पोरीच्या डोक्यावरचा पदर, काळ्या मण्यांवाचूनचा गळा, काचेच्या बांगड्या, सगळं एका नजरेत पाहिलं. घरंदाज पोर, बिनलग्नाची. मग तिनं मनकर्णाचं मनगट धरलं. बोटांच्या नखांत गेरू होता, त्यावरून तिनं अंगठा फिरवला.

"तू?" ती एवढंच म्हणाली. "एकलं राहणं... ते तू लिवलंस? एवढीशी तू?"

मनकर्णानं मान हलवली. बाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती पुढं काहीतरी बोलणार होती. ओठ हललेसुद्धा. तेवढ्यात बैलगाडीच्या आडून खाकरण्याचा आवाज आला. बिदागीचा नारळ घेऊन आप्पासाहेब.

"कोंडीरामाची पोर ना गं तू?" ते थबकले. "हितं काय करती? आनि गाण्याचं काय बोलत हुतीस?"

उत्तर दिलं ते केवडाबाईनं, आणि असल्या चढ्या आवाजात की राहुटीतली माणसं बाहेर आली.

"काय बोलनार! पान्याला आली आन् हिकडं शिरली. मला इचारती, गाणं खरंच तुमी केलं का. व्हय गं बये, मीच केलं! साऱ्या गावाम्होरं सांगितलं न्हाई का मी? का आनिक दवंडी पिटू? चांगल्या घरची तू, तमासगिराच्या राहुटीवर यायची लाज न्हाई वाटत? परत हिकडं फिरकू नको. माझं गाणं, माझा फड, तुझं हितं कायबी न्हाई!"

ती तोंडानं हाकलत होती आणि हातानं सोडत नव्हती. मनगटावर तिची बोटं अशी रुतली होती की मनकर्णाला पुढं दोन दिवस तिथं दुखलं. मग तिनं मनगट सोडलं. मनकर्णानं घागर उचलली. मागून आप्पासाहेबांचं समाधानी हसू ऐकू आलं, "बरं केलंस. पोरी लई आगाऊ झाल्यात हल्ली."

वाटेत मनकर्णानं रिकामी घागर भरून घेतली. बाईनं काय केलं ते तिला पुरतं समजलं होतं. तमासगिरणीवर गाणं करणारी पोर, असं एकदा गावात झालं की तिच्यासाठी उंबरा झिजवायला कुणी आलं नसतं आणि कोंडीरामाला मान वर करून चालता आलं नसतं. म्हणून बाईनं ते गाणं कायमचं आपल्या अंगावर घेतलं होतं, हसण्यासकट. आणि तिला आपण कळलो होतो. एका माणसाला कळलो होतो. पण हे सांगायचं कुणाला?

वस्तीवर दिवेलागणीला बन्सी जेवायला बसला. कोंडीराम अजून गावातच होता. बन्सीनं मान खाली घालून विचारलं, "गेल्तीस ना तिच्याकडं? मी बघितलं तुला परत येताना. मला उभं ऱ्हाता आलं न्हाई गं मने. आबा बाजूला हुते. काय म्हनली ती?"

सांगून टाकावं असं मनकर्णाच्या अगदी ओठांवर आलं. ते मनगट, ते डोळ्यांतलं पाणी. बन्सीला किती आनंद झाला असता! पण त्याच आनंदानं तो उद्या तालमीत गेला असता आणि छाती ठोकून सांगितलं असतं, गाणं माझ्या बहिणीचं, केवडाबाईनं तिच्यासाठी हसं सोसलं. संध्याकाळपर्यंत आप्पासाहेबांच्या ओट्यावर ते पोचलं असतं. मग बाईनं जे सोसलं ते फुकट.

"म्हनली," मनकर्णा चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "गाणं माझंच हाय."

बन्सीचा हात ताटातच थांबला. "तुझ्या तोंडावर?"

"व्हय. परत हिकडं फिरकू नको म्हनली."

"चोर! चोर रांड!" बन्सीनं ताट सरकवलं. त्याचे डोळे भरले होते. "आनि अशा बाईसाठी आपन तीन वर्सं... मने, आजपासनं त्या बाईचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई. मी काढनार न्हाई आनि तूबी काढायचं न्हाई. तिच्या तमाशाला परत गेलो तर बन्सी नाव लावनार न्हाई. शपथ घे माझी."

तो हात पुढं करून बसला होता. मनकर्णानं त्याच्या हातावर हात ठेवला आणि शपथ घेतली. आता मात्र तिला रडू आवरेना.

"रडू नको," बन्सी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "असल्या बाईपायी कशाला रडायचं? तिला कुठं ठावं हाय तू कोन ते."